शेष उरतो तो कली : फाशांच्या खेळातील नवशिक्या आणि अक्षहृदयाची परंपरा

चेन्नईच्या दक्षिणेस जुन्या महाबलिपुरम रस्त्यालगत वसलेले सिरुसेरी हे गाव आज मुख्यतः माहिती-तंत्रज्ञान उद्यानामुळे ओळखले जाते. तेथील कंपन्यांत देशाच्या सर्व भागांतून आलेले तरुण अभियंते काम करतात आणि त्यांत मराठी भाषकही आहेत. याच परिसरात चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट ही गणिताची संस्था आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था २००५ मध्ये सिरुसेरीतील स्वतःच्या वास्तूत आली. संभाव्यताशास्त्राचे अभ्यासक राजीव करंदीकर यांनी सुमारे दशकभर तिचे संचालकपद भूषविले. त्याच रस्त्याने दक्षिणेकडे गेले की मामल्लपुरम लागते. तेथील पल्लवकालीन एकाश्म रथांपैकी एक धर्मराजाच्या, तर एक द्रौपदीच्या नावाने ओळखला जातो. फाशांच्या खेळात सर्वस्व गमावणारा राजा आणि पणाला लावली गेलेली त्याची राणी यांची नावे येथे दगडाला चिकटून राहिली आहेत. संभाव्यतेचे गणित आणि द्यूताची कथा ही दोन टोके एकाच रस्त्यावर असावीत हा योगायोग आहे. तथापि या दोन टोकांमधील नाते योगायोगाचे नाही.

फाशांचा खेळ नव्याने शिकणारा माणूस नेमके काय शिकतो, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. आधुनिक कॅसिनोतील फाशांच्या मेजापुढे उभा राहणारा नवशिक्या आणि महाभारतातील नलोपाख्यानात रथ थांबवून झाडाची पाने व फळे मोजणारा नल यांना शेजारी ठेवले, तर दोघांच्या शिक्षणाचा गाभा मोजणे हाच आहे असे दिसते. मात्र मोजण्याने दोघांना मिळणारे फळ वेगळे आहे. ते का वेगळे आहे, आणि मधल्या काळातील भाषांतरांत व पुनर्कथनांत हा मोजण्याचा धागा कसा अस्पष्ट झाला, याचा विचार पुढे केला आहे.

१. मेजापुढचा नवशिक्या

कॅसिनोतील फाशांच्या खेळांपैकी सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे क्रॅप्स. चौसरच्या कथांतही उल्लेख असलेल्या हॅझार्ड या जुन्या युरोपीय खेळाचे हे सुटसुटीत झालेले अमेरिकी रूप होय. फ्रेंच वसाहतकारांच्या न्यू ऑर्लिन्समधून एकोणिसाव्या शतकात तो अमेरिकेत पसरला. सिरुसेरीसारख्या ठिकाणाहून कामानिमित्त अमेरिकेत जाणाऱ्या अभियंत्याला लास व्हेगासच्या एखाद्या सहलीत या मेजाचे प्रथम दर्शन घडते. ते दर्शन गोंधळात टाकणारे असते. मेजावर चौकटींची दाटी असते, भोवती उभे असलेले खेळाडू ओरडत असतात, आणि नियम मात्र कोठेच लिहिलेला दिसत नाही.

प्रत्यक्षात मूळ नियम थोडा आहे. दोन फासे टाकले जातात आणि त्यांची बेरीज पाहिली जाते. पहिल्याच फेकीत सात किंवा अकरा आल्यास मुख्य पण लावणारा जिंकतो. दोन, तीन किंवा बारा आल्यास हरतो. चार, पाच, सहा, आठ, नऊ, दहा यांपैकी काही आल्यास ती संख्या लक्ष्य ठरते. मग लक्ष्य पुन्हा येईपर्यंत किंवा सात येईपर्यंत फासे पडत राहतात. लक्ष्य आधी आले तर जीत, सात आधी आला तर हार. आरंभी मित्र असलेला सात लक्ष्य ठरताच शत्रू होतो, आणि नवशिक्याला पहिला धक्का बसतो तो येथेच.

हे उलटणे मोजले की समजते. दोन फाशांच्या छत्तीस शक्यता आहेत. त्यांपैकी सात ही बेरीज सहा प्रकारांनी येते. सहा व आठ प्रत्येकी पाच प्रकारांनी, पाच व नऊ प्रत्येकी चार, चार व दहा प्रत्येकी तीन, तीन व अकरा प्रत्येकी दोन, आणि दोन व बारा प्रत्येकी एकाच प्रकाराने येतात. म्हणजे पहिल्या फेकीत जिंकण्याच्या आठ शक्यता आहेत व हरण्याच्या चार. उरलेल्या चोवीस शक्यतांत मात्र कोणतेही लक्ष्य सातापेक्षा दुर्मीळच असते. लक्ष्य चार असेल तर चाराच्या तीन शक्यता साताच्या सहा शक्यतांशी झुंजतात. लक्ष्य सहा असेल तर पाच शक्यता सहांशी झुंजतात. आरंभी मिळालेला फायदा नंतर हळूहळू झिजत जातो. संपूर्ण हिशेब केला तर ४९५ डावांमागे सरासरीने २४४ डाव जिंकण्याचे व २५१ हरण्याचे ठरतात. फरक सातांचा आहे. शंभर रुपयांच्या पणामागे हा तोटा सुमारे १.४१ रुपये भरतो.

यापुढचा पाठ अधिक सूक्ष्म आहे. लक्ष्य ठरल्यानंतर मुख्य पणाच्या पाठीशी लावता येणारा एक जादा पण असा आहे की त्यात कॅसिनोचा काहीच लाभ नसतो. चार किंवा दहा या लक्ष्यावर एकास दोन, पाच किंवा नऊवर दोनास तीन, सहा किंवा आठवर पाचास सहा असे त्याचे मोल दिले जाते आणि ते शक्यतांच्या प्रमाणाशी तंतोतंत जुळते. पण हा पण स्वतंत्रपणे लावता येत नाही. आधी मुख्य पणाचा तोटा पत्करावा लागतो. याउलट मेजाच्या मध्यभागी भडक रंगात रंगवलेले पण सर्वांत महाग असतात. पुढच्या फेकीत सात येईल या पणावर एकास चार दिले जातात, वास्तविक प्रमाण मात्र एकास पाचाचे आहे. तेथे शंभरामागे १६.६७ रुपये जातात. जेथे रंग अधिक तेथे तोटा अधिक, एवढे सूत्र नवशिक्याने ध्यानी घेतले तरी मेजाचे अर्धे शिक्षण पूर्ण होते.

हे सर्व मोजणे युरोपात तुलनेने उशिरा रुजले. कार्दानो याचा फाशांच्या खेळावरील ग्रंथ सोळाव्या शतकात लिहिला गेला असला तरी तो १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन फाशांची बेरीज दहा ही नऊपेक्षा किंचित अधिक वेळा का येते, हे गॅलिलिओने २१६ शक्यता मोजून दाखवले. दहाच्या सत्तावीस व नऊच्या पंचवीस. पास्काल व फर्मा यांचा प्रसिद्ध पत्रव्यवहार १६५४ चा आहे. जुगाऱ्याच्या प्रश्नातून एक शास्त्र जन्माला आले, असे या इतिहासाचे सार सांगितले जाते. भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाला या ठिकाणी बेहड्याचे एक झाड आठवल्याशिवाय राहत नाही.

२. बेहड्याचे झाड

नलोपाख्यान हे वनपर्वातील उपाख्यान आहे. द्यूतात हरून वनवासात आलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी ते सांगतात. युरोपीय संस्कृताध्ययनात या कथेला विशेष स्थान मिळाले. फ्रान्झ बॉप याने १८१९ मध्ये लॅटिन भाषांतरासह ती प्रसिद्ध केली, आणि पुढे लॅनमनच्या १८८४ मधील संस्कृत वाचनपाठातही आरंभ नलापासूनच होतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील चिकित्सक आवृत्तीचे संपादक वि. सी. सुखटणकर यांनी १९३९ मध्ये नलोपाख्यान व रामायण यांच्या संबंधावर निबंध लिहिला. नवशिक्यांना संस्कृत शिकवणारी कथा ही मुळात एका नवशिक्याची कथा आहे, ही बाब मात्र फारशी अधोरेखित झालेली नाही.

कथेच्या आरंभी नलाचे एक विशेषण येते : अक्षप्रिय. तो द्यूताचा शौकीन आहे, ज्ञाता नाही. कली त्याच्या देहात शिरतो आणि द्वापर अक्षांत शिरतो. बंधू पुष्कराशी खेळताना नल राज्य गमावतो, दमयंतीला वनात सोडतो, कर्कोटक नागाच्या दंशाने विद्रूप होतो आणि बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी बनतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून ऋतुपर्ण विदर्भाकडे निघतो तेव्हा रथ नलच हाकतो. वाटेत बेहड्याचे झाड दिसते. ऋतुपर्ण त्याकडे पाहून सांगतो की खाली गळून पडलेली पाने व फळे झाडावरच्यांपेक्षा इतकी अधिक आहेत, आणि दोन फांद्यांवर मिळून पाच कोटी पाने व २,०९५ फळे आहेत. नल रथ थांबवतो. राजाला घाई आहे, पण सारथ्याला खात्री करून घ्यायची आहे. तो झाड पाडतो, मोजतो, आणि संख्या जुळते. मग विद्येची देवाणघेवाण होते : नल अश्वहृदय देणार, ऋतुपर्ण अक्षहृदय देतो. ते मिळताच कली नलाच्या देहातून विष ओकत बाहेर पडतो व बेहड्याच्या झाडात आश्रय घेतो.

आजच्या वाचकाला येथे एक साधा प्रश्न पडतो. फळे मोजता येण्याचा आणि फासे खेळता येण्याचा संबंध काय? घनाकार फासा डोळ्यांसमोर असेल तर या प्रश्नाला उत्तर नाही. उत्तर मिळते ते अक्ष या शब्दाचा मूळ अर्थ ध्यानी घेतल्यावर. वैदिक काळात अक्ष म्हणजे बेहड्याचे फळ. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसाव्या सूक्तात जुगारी ज्यांच्याविषयी शोक करतो ते अक्ष बेहड्याचेच आहेत. हाइनरिश लूडर्स यांनी १९०७ मध्ये प्राचीन भारतीय द्यूतावर जो प्रबंध लिहिला त्यातील मांडणीनुसार हा खेळ फळांच्या संख्येचा होता. ढिगातील फळांची संख्या चाराने भागावयाची. बाकी काही उरली नाही तर कृत हे सर्वोत्तम दान. तीन उरल्यास त्रेता, दोन उरल्यास द्वापर, आणि एक उरल्यास कली. चार युगांना मिळालेली नावे या चार दानांचीच आहेत.

हा नियम लक्षात घेतला की झाडाचा प्रसंग उलगडतो. क्षणार्धात मोठी संख्या अचूक ओळखणे हेच या खेळातील कौशल्य आहे. ज्याला संख्या दिसते तो बाकी किती उरेल हे आधीच जाणतो. म्हणून अक्षविद्या आणि संख्याविद्या यांचा उच्चार ऋतुपर्णाच्या तोंडी एकत्र येतो. नलाने मोजून पाहणे हा सारथ्याचा हट्ट नसून विद्यार्थ्याचा पहिला पाठ आहे. कली ज्या झाडात शिरतो ते झाडही योगायोगाने निवडलेले नाही. बाकी उरणारा एक त्या झाडाच्या फळांतच राहतो. माणसाच्या देहात त्याला जागा उरत नाही.

आधुनिक संख्याशास्त्राच्या इतिहासकारांचे या प्रसंगाकडे लक्ष गेले ते उशिरा. संभाव्यतेच्या उदयाविषयीच्या १९७५ मधील ग्रंथात इयन हॅकिंग यांनी ऋतुपर्णाच्या गणनेची दखल घेतली. त्यांचे लक्ष या कथेकडे वळवण्यात कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात अध्यापन करणारे पुण्याचे संख्याशास्त्रज्ञ वि. प्र. गोडांबे यांचा वाटा होता. नमुना-पाहणीच्या सिद्धांतावर मूलगामी काम करणाऱ्या गोडांबे यांना दोन फांद्यांवरून केलेला अंदाज म्हणजे नमुना-पाहणीच वाटावी हे स्वाभाविक आहे. तथापि काव्यात ऋतुपर्णाची पद्धत सांगितलेली नाही. सांगितले आहे ते फक्त संख्येचे अचूक असणे आणि नलाने ते पडताळणे. म्हणून या प्रसंगात सिद्धांत शोधण्यापेक्षा पडताळणीची वृत्ती शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

३. अक्षाचा फासा झाल्यावर

घनाकार फासे सिंधू संस्कृतीच्या अवशेषांतही सापडले आहेत, त्यामुळे ते भारतात परके नव्हेत. परंतु महाकाव्यानंतरच्या काळात पाशक, म्हणजे लांबट फासे आणि पट यांचा खेळ प्रतिष्ठित झाला व बेहड्याचे ढीग विस्मृतीत गेले. मराठीतील फासा हा शब्द पाशक या शब्दापासून आला आहे. फासेपारधी या नावात मात्र फासा म्हणजे पाश, जाळे. एकाच ध्वनिरूपात खेळाचे साधन आणि शिकारीचे साधन एकत्र नांदत असल्याने मराठी कानाला फासा या शब्दात अडकण्याचा अर्थ सहज ऐकू येतो. अक्ष या शब्दाला ही छटा नाही.

त्याहून महत्त्वाचा बदल क्रियापदांत आहे. मराठीत दान पडते, फासे उलटे पडतात, डाव साधतो किंवा फसतो. पडणे हे अकर्मक क्रियापद आहे. त्यात खेळणाऱ्याचा हात दिसत नाही. दान या शब्दातही कोणीतरी दिलेले घेणे अभिप्रेत आहे. मोजण्याच्या खेळाची भाषा जाऊन दैवाच्या खेळाची भाषा आली. पोबारा करणे म्हणजे पळ काढणे, या वाक्प्रचाराचा संबंध सोंगट्यांच्या खेळातील पौबारा या मोठ्या दानाशी जोडला जातो. तो ग्राह्य मानला तर सर्वांत चांगले दान आणि निघून जाणे यांचे नाते मराठीने एका शब्दात जपून ठेवले आहे, असे म्हणता येईल.

साधन बदलल्यावर कथेचे काय झाले, हे मराठी व तमिळ परंपरा शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. मराठी पंडितकवींत रघुनाथपंडिताचे नलदमयंती स्वयंवराख्यान सर्वांत लोकप्रिय ठरले. या कवीच्या काळाविषयी व स्थळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत; काहींनी त्याचा संबंध तंजावरच्या मराठी दरबाराशीही जोडला आहे. त्याचे आख्यान श्रीहर्षाच्या नैषधीयचरिताच्या वाटेने जाते. हंस, दूतत्व आणि स्वयंवर हे त्याचे विषय आहेत. श्रीहर्षाच्या बावीस सर्गांत कली येतो, पण द्यूतापर्यंत काव्य पोहोचत नाही. परिणामी मराठी रसिकांच्या मनातील नल प्रामुख्याने प्रियकर राहिला. शिकणारा नल महाभारताच्या मराठी अनुवादांपुरता आणि कीर्तन-पुराणापुरता उरला.

तमिळमध्ये वेगळे घडले. तेथेही श्रीहर्षाला अनुसरणारे अतिवीरराम पांडियनचे नैडदम् आहे. परंतु सर्वाधिक प्रिय झालेला ग्रंथ म्हणजे पुगळेंदीचे नळवेण्बा. परंपरेनुसार पुगळेंदी पोन्विळैंद कळत्तूरचा. हे गाव आणि सिरुसेरी दोन्ही आजच्या चेंगलपट्टु जिल्ह्यात येतात. नळवेण्बाचे तीन कांड आहेत : स्वयंवर, कलीने पाठ धरणे, आणि कलीने सोडून जाणे. ग्रंथाची विभागणीच कलीच्या येण्याजाण्यावर केली आहे, म्हणजे स्वयंवर हा येथे कथेचा केवळ पहिला तृतीयांश आहे. झाडाचा प्रसंगही पुगळेंदी ठेवतो आणि झाड तान्रीचे, म्हणजे बेहड्याचेच राहते. मात्र फळांची संख्या दहा हजार कोटी होते. मूळ पाठातील २,०९५ ही संख्या पडताळून पाहता येते. दहा हजार कोटी ही संख्या केवळ आश्चर्याने ऐकता येते. फळांच्या खेळाची रीत जेथे विस्मृत झाली तेथे गणना चमत्कार बनते, हे या एका आकड्यावरून स्पष्ट होते. कवीच्या प्रतिभेतील ही उणीव नव्हे. श्रोत्याच्या अनुभवात जो खेळ नाही त्याचे कौशल्य कवीने अद्भुताच्या भाषेत सांगितले, एवढेच.

४. युधिष्ठिर : न शिकलेला आणि शिकलेला

नलाची कथा ज्याला सांगितली जाते तो श्रोताही नवशिक्याच आहे. सभापर्वात शकुनी दुर्योधनाला धीर देतो तो युधिष्ठिराविषयीच्या एका निदानावर : त्याला द्यूत आवडते, पण खेळता येत नाही. नलाचे अक्षप्रिय हे विशेषण आणि युधिष्ठिराविषयीचे हे निदान एकमेकांचे प्रतिध्वनी आहेत. मराठीतील महाभारतचिंतनात, इरावती कर्वे यांच्या युगान्तसारख्या ग्रंथातही, द्यूतसभेचा विचार प्रामुख्याने धर्म, कुलनीती आणि द्रौपदीचा प्रश्न या अंगांनी झाला आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु प्रत्येक हारीनंतर पण वाढवत जाणारा युधिष्ठिर हा कोणत्याही मेजापुढे दिसणारा नवशिक्याही आहे, हे त्या विचारात मागे पडते. गेलेले परत मिळवण्यासाठी अधिक मोठा पण लावणे ही त्याची चूक आहे. फासे मागील डाव स्मरत नाहीत हा संभाव्यतेचा पहिला पाठ त्याला मिळालेला नाही. शकुनीच्या कपटाचा प्रश्न वेगळा. कपट नसते तरी असा खेळाडू अखेर रिकाम्या हाताने उठला असता.

उपाख्यान संपल्यावर बृहदश्व युधिष्ठिराला अक्षहृदय देतो. पुन्हा कोणी द्यूतास आव्हान देईल ही त्याच्या मनातील भीती त्यामुळे जाते. ज्ञानाचे प्रयोजन येथे जिंकणे नसून भय जाणे हे आहे. पुढे विराटाच्या दरबारी युधिष्ठिर कंक या नावाने राजाला द्यूतात रमवणारा सभासद होतो. तो आता जाणता आहे, तरी अक्ष त्याला इजा करायचे सोडत नाहीत. उत्तराच्या विजयाचे श्रेय बृहन्नडेला दिल्याच्या रागात विराट हातातील अक्ष त्याच्या तोंडावर फेकतो आणि कंकाच्या नाकातून रक्त येते. विद्या असलेल्या माणसालाही खेळाच्या सत्तेबाहेर जाता येत नाही, याची ही कठोर आठवण आहे.

नलाचा शेवट याहून वेगळा आहे. तो पुष्कराला पुन्हा आव्हान देतो, एका पणात सर्व परत मिळवतो, आणि थांबतो. हरलेल्या भावाला तो क्षमा करतो, त्याचा वाटा देऊन सन्मानाने परत पाठवतो. डाव पुढे चालवण्याची भाषा तो काढत नाही. ऋग्वेदातील जुगाऱ्याला अक्ष सोडून शेती करण्याचा उपदेश मिळतो. नल त्या उपदेशाची विद्यावंत आवृत्ती जगतो.

५. घराचा वाटा आणि कायद्याचा निकष

नलाला जे साधले ते कॅसिनोतील नवशिक्याला का साधत नाही, याचे उत्तर खेळाच्या मांडणीत आहे. नल आणि पुष्कर एकमेकांविरुद्ध खेळतात. मेजापुढचा खेळाडू मात्र जागेच्या मालकाविरुद्ध खेळतो. जागेच्या मालकाचा वाटा भारतीय परंपरेला अपरिचित नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील द्यूताध्यक्ष खेळ एकाच ठिकाणी चालवतो, निर्दोष अक्ष पुरवतो, ते बदलणाऱ्यास बारा पण दंड करतो आणि जिंकलेल्या धनातून शेकडा पाच घेतो. समान शक्यतेच्या खेळात हा वाटा प्रत्येक खेळाडूला सरासरीने शंभराच्या पणामागे अडीच इतका पडतो, म्हणजे क्रॅप्सच्या मुख्य पणातील १.४१ पेक्षा अधिक. पण कौटिल्याचा वाटा उघड आहे. जिंकणाऱ्याच्या हातातून तो डोळ्यांदेखत घेतला जातो. कॅसिनोचा वाटा नियमांच्या प्रमाणात विरघळलेला असतो. तो दिसण्यासाठी छत्तीस शक्यता मोजाव्या लागतात. न मोजणाऱ्याला तो दुर्दैव वाटतो.

आजचा भारतीय कायदा या प्रश्नाकडे कौशल्य आणि दैव या भेदातून पाहतो. चमारबागवाला प्रकरणात १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्याच्या संदर्भात हा भेद मांडला, आणि लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू या १९९६ च्या निकालात घोड्यांची शर्यत कौशल्याची ठरवली. तमिळनाडूत जुगाराला १९३० च्या कायद्याने बंदी आहे. तेथील २०२२ च्या ऑनलाइन जुगारविरोधी कायद्यातील रमी व पोकरवरील बंदी मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये याच भेदाच्या आधारे काढून टाकली आणि दैवाधीन खेळांवरील बंदी कायम ठेवली. संसदेने २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना मात्र कौशल्य व दैव हा भेद मानला नाही. महाराष्ट्रात १९७६ चा कॅसिनो कायदा कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. गोव्यात मात्र १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात १९९२ व १९९६ मध्ये झालेल्या दुरुस्त्यांनी पंचतारांकित हॉटेले व जहाजे यांना वाट मोकळी करून दिली. सिरुसेरीतील नवशिक्याला कायदेशीर मेज हवे असेल तर राज्याची सीमा ओलांडावी लागते, ती यामुळे.

कौशल्य आणि दैव या भेदाच्या प्रकाशात ऋतुपर्णाचा खेळ आणि क्रॅप्स यांची तुलना उद्बोधक ठरते. बेहड्याच्या फळांचा खेळ हा कौशल्याचा आहे, कारण त्यात जाणणारा जिंकतो. क्रॅप्समध्येही जाणण्यासारखे पुष्कळ आहे : कोणता पण स्वस्त, कोणता महाग, लक्ष्य कोणते, सात किती जवळ. पण त्यातील कोणतेही ज्ञान पडणाऱ्या फाशावर परिणाम करीत नाही. जाणता खेळाडू अजाण खेळाडूपेक्षा सावकाश हरतो, एवढाच फरक ज्ञानाने पडतो.

६. समारोप

कली म्हणजे उरलेला एक. लूडर्स यांनी दाखवलेल्या खेळात तो भागाकारात उरणारा शेष होता आणि संख्या जाणणाऱ्याला तो टाळता येत होता. म्हणून विद्या मिळताच तो नलाच्या देहातून बाहेर पडला. कॅसिनोच्या मेजावरील शेष निराळा आहे. ४९५ डावांमागे उरणारे सात हे कोणाच्या अज्ञानामुळे उरत नाहीत. ते नियमातच रचलेले आहेत. त्यांना खेळातून घालवणारी विद्या नाही. मोजून ते दिसतात, आणि दिसल्यावर खेळाडूला ठरवता येते, त्या मेजापुढे किती वेळ उभे राहायचे ते.

यावरून नवशिक्याच्या शिक्षणाविषयीचा निष्कर्ष काढता येतो. नियम पाठ करणे ही त्याची पहिली पायरी, छत्तीस शक्यता मोजणे ही दुसरी. तिसरी पायरी नलाने बेहड्याखाली गाठली होती : दुसऱ्याने सांगितलेल्या संख्येवर विश्वास न ठेवता रथ थांबवून स्वतः मोजणे. सिरुसेरीतील गणिताच्या वर्गात दोन फाशांचा पाठ शिकणारा विद्यार्थी आणि परदेशी मेजापुढे खिशातले पैसे चाचपणारा अभियंता यांच्यात फरक पडतो तो या तिसऱ्या पायरीवर. मराठी व तमिळ परंपरांनी नलाच्या प्रेमाला आणि त्याच्या दुःखाला भरभरून वाणी दिली. झाडाखाली फळे मोजणारा त्याचा हात मात्र काही ठिकाणी चमत्काराआड, तर काही ठिकाणी स्वयंवराच्या मंडपाआड गेला. तौलनिक अभ्यासाने तो हात पुन्हा दृष्टीस आणला, तर अक्षप्रिय आणि अक्षज्ञ यांतील अंतर हे नलोपाख्यानाचे एक मध्यवर्ती सूत्र म्हणून वाचता येईल.